डावा डोळा

ट्रान्झिट कॅम्पच्या शेवाळल्या भिंतीवर
नऊ दिवस दोराला लोंबकळत
तबरेजने चेहरा काढला, चार मजली.
झाडूवाल्या द्रौपदाबाईंचा,
कुठल्याशा जुन्या फोटोवरून.

डावा डोळा नेमका आमच्या मोरीच्या खिडकीवर आला.
आई म्हणाली, बुजवू नको रे बाबा,
वाफ जायला तेवढीच जागा.
मग त्याने बुबुळच सोडून दिलं.

आता आई टॉवेल वाळत टाकते
तेव्हा बाई डोळा मारतात रस्त्याला.
रात्री मी दिवा लावला
की जाग्या होतात.

पोरं येतात लांबून,
भिंतीला पाठ लावून फोटो काढतात.

पहाटे खऱ्या द्रौपदाबाई
मान वर न करता
आपल्याच हनुवटीखालचा कचरा झाडतात.
परवा म्हणाल्या,
नाकातली चमकी पुसायला सांग त्याला.
ती मोडली मी,
पोरीच्या बारावीला.