मध्यम हाताचं माप

उद्यमनगरात आमचं दुकान, मोटार रिवाइंडिंगचं.
आत जळक्या वार्निशचा वास,
आणि स्टुलावर मी, फॉर्म्यावर तार गुंडाळत,
एकशे बारा, एकशे तेरा,
मध्येच कोणी हाक मारली की पुन्हा एकपासून.

पुराच्या वर्षी मोटारीच मोटारी आल्या.
चिखलीच्या, आंबेवाडीच्या,
आठ-आठ दिवस पंचगंगेखाली बसून आलेल्या.
खोलल्या की आधी गाळ पडायचा.
एकीतून खेकडा निघाला, जिवंत,
पोरांनी त्याला चहाच्या ग्लासात ठेवला.
जुनी तार भंगारात जाते, किलोवर.
त्यातली मूठभर मी बाजूला काढली.
का काढली, तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पलीकडच्या शेडमधले दिलशादभाई शिकलगार म्हणाले,
लाल कर, पाण्यात सोड, तांबं मऊ येतं.
ठोकत गेलीस की ताठतं.
फार ठोकलंस की चिरतं, मग परत भट्टी.
माणसाचं पण असंच असतं का वो, मी विचारलं.
माणसाचं मला काय ठाव, म्हणाले,
मी कात्र्यांना धार लावतो.

तीन तारा घ्यायच्या, सुंभासारखा पीळ द्यायचा,
हलक्या हातानं मठारायचं.
टोकं कानशीनं गोल,
साडीचा धागा अडकता कामा नये.
आणि ती टोकं जुळवायची नाहीत.
बोटभर फट. हात तिथूनच आत जातो.
चिंच-मीठ लावून धुतलं
की नखाखाली दिसतो तो रंग.

सीपीआरची सिस्टर नेते, ड्युटी संपल्यावर घालायला.
कपिलतीर्थातली मेथीवाली म्हणते,
सोन्याची भीती, काचेची किरकिर, हे बरं.
कोणी म्हणतं, संधिवात जातो.
मी काय डॉक्टर न्हाई, म्हणते, पण घाला.
कोणी आठवड्यानं मनगट घेऊन येतं:
ताई, हे बघा, हिरवं झालं.
घाम आहे तुमचा, म्हणते.
साबणानं जाईल.
परवा परत येईल.

पहिलं कडं आईला दिलं होतं.
वाकडं, ठोके मोजता येतील असं.
तिच्या पाटल्या गुजरीत गेल्या त्याला तेव्हा सोळा वर्षं.
माझं लग्न की दादाचं लेथ,
कशात गेल्या ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.
भाकरी थापताना कडं कोपराकडं सरकवायची,
तरी पीठ त्या पिळांत वाळून बसायचं.
हळदी-कुंकवाला मात्र हात पदराखाली.
एकदा मी चिडले.
म्हणाली, लाजत न्हाई गं.
बायका मागतील. तुझी तार संपंल.

गेली तेव्हा
नाकातली चमकी काढली, डोरल्याचे मणी काढले,
कुणीतरी ते रुमालात बांधून मोजून दादाकडं दिले.
कड्याला कोणी हात लावला नाही.
रक्षाविसर्जनाला, राख भरताना,
दादाच्या बोटांना लागलं.
काळं. थोडं चेपलेलं.
फट होती तिथंच होती.

मी त्याला चिंच लावली नाही.
फॉर्म्याशेजारी खिळ्याला टांगलंय.
नवी तार त्याच्यावर लावून तोडते,
मध्यम हाताचं माप म्हणून.

काल कॉलेजची एक पोरगी आली.
ट्रेमधली चार घालून बघितली, ठेवली,
मग खिळ्यावरचं काढलं आणि सरळ हात घातला.
बसलं.
हे काळं कितीला, म्हणाली, हेच घेतो की.
ते विकायचं नाही, म्हटलं. ते माप आहे.
ती काढेना. फिरवून फिरवून बघत राहिली.
मी भट्टीचा पंखा लावला.
मध्यम आहे तुझा हात, म्हटलं.
बस. चहा येतोय. तुझं करते.