कारल्यांचा लिलाव

त्या वर्षी अण्णांनी चर्चच्या पैशाला हात लावला.
हे वाक्य आमच्या घरात कुणी बोलत नाही,
म्हणून मी आधीच लिहून टाकते.

अठरा हजार चारशे.
अनुग्रहच्या डोक्यात पाणी साठलेलं,
नायरमध्ये नळी टाकायची होती,
छापखान्याला सहा महिन्यांपासून कुलूप,
आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत
मंडळीचा इमारत फंड, रबरबँड लावलेला.
अण्णा खजिनदार.
सोळा वर्षांत एका रुपयाची चूक नाही.
त्यांनी मोजून घेतले.
हिरव्या वहीत लिहूनही ठेवलं:
एलीशा रणभिसे, उचल. तारीख. सही.
चोर सही करत नाही, असं आई म्हणाली.
कमिटीनं ऐकून घेतलं
आणि वही काढून घेतली.

मग अकरा रविवार
अण्णा दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे
आणि खुर्चीत बसून राहायचे.
माझगावच्या उतारावरून घंटा यायची,
पहिली,
दुसरी.

पुढून तिसरा बाक, आमचा.
त्यावर आता आई, मी आणि पुष्कळ जागा.
प्रभूच्या प्रार्थनेत 'ऋण' हा शब्द आला
की आई गप्प व्हायची,
पुढच्या ओळीला पुन्हा सामील,
बाई खड्ड्याला वळसा घालून चालते तशी.
रात्री मात्र देवाशी भांडायची,
स्टोव्हच्या आवाजात आम्हाला कळणार नाही समजून:
"तुला ठाऊक होतं ना सगळं? मग?"
अनुग्रह झोपेत हसायचा.
नळी काम करत होती.

वाघचौरेबाई म्हणाल्या होत्या, पोलिसात द्या.
पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करू.
मला दोघांचाही सारखाच राग आला होता.

कापणीचा सण आला.
आमच्या मंडळीत शेत कुणाचंच नाही.
गोदीतले, पोस्टातले, नर्सा, एक लिफ्टमन.
तरी वेदीपुढे ऊस, पेरू, भायखळ्याहून आणलेली कणसं,
अंड्यांचा ट्रे, बिस्किटांचे पुडे,
पाय बांधलेला, रागावलेला एक कोंबडा.
आईनं गॅलरीतल्या रंगाच्या बादलीतल्या वेलाची
चार कारली ठेवली,
अण्णांचं नाव कोरलेल्या स्टीलच्या ताटलीत.

लिलाव शिनगारेमामांचा.
गोदीत क्रेन चालवायचे, आवाज तसाच.
ताटली डोक्यावर धरली,
खालून नाव वाचलं,
आणि मोठ्यानं वाचलं नाही.
"कारली चार. बोला."

पंख्याची कटकट तेवढी.
मग मागून पाटोळे लिफ्टमन: "पन्नास."
पैसे मोजले, म्हणाले,
"परत ठेवा लिलावाला."
सगुणाताई सिस्टर: "ऐंशी. परत ठेवा."
"शंभर. परत ठेवा."
"दीडशे."
कारली हातोहात फिरत राहिली,
देठाशी मऊ पडली.
आई रुमालाची घडी मोडत होती, घालत होती.
शेवटी वाघचौरेबाई उठल्या, गुडघा धरून.
"पाचशे एक. आणि आता परत नाही.
मी घरी नेणार."

एकूण दोन हजार तीनशे दहा.
म्हणजे काही अठरा हजार नव्हेत.
बाकीचे अण्णांनी नऊ वर्षं
लोकांच्या जुन्या बायबलांना पुठ्ठे बांधून फेडले,
आणि फेडून झाल्यावरही
वही त्यांना कुणी परत दिली नाही.
हेही लिहिलं पाहिजे.

त्या शनिवारी दारात वाघचौरेबाई,
तीन जिने चढून धापा टाकत.
ताटली रिकामी कशी द्यायची,
म्हणून तिच्यात भरली कारली.
"मीठ जास्त पडलंय बहुतेक," म्हणाल्या.
आत आल्या नाहीत.

अण्णांनी उभ्याउभ्याच एक तुकडा तोंडात टाकला.
बराच वेळ चावत राहिले.
"मीठ बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेला ते दाढी करत होते.
दुसऱ्या घंटेला उतारावर,
आमच्या दहा पावलं मागे.