तालमीचं ऑडिट

ताराबाई पार्कातल्या काचेच्या इमारतीला
सकाळीच चार तारे देऊन आले.
गच्चीवर सौरपट्ट्या, दारात बांबू,
आत रिसेप्शनवरची मुलगी शाल पांघरून.

दुपारी तालीम. फॉर्म तोच.

दार एवढं ठेंगणं
की मापयंत्रासकट वाकावं लागलं.
"वाकूनच यायचं असतंय हितं," हिंदुराव वस्ताद म्हणाले,
"आमदार असू दे, न्हाईतर मीटरवाली."

बाहेर एकोणचाळीस. आत सत्तावीस.
यंत्र झटकलं, पुन्हा धरलं.
सत्तावीसच.

"जोडभार किती?"
"म्हंजे?"
"दिवे, पंखे..."
"दोन बल्ब. एक मारुतीम्होरं, एक हौद्यावर.
पंखा लावलावता एकदा. माती उडाय लागली.
काढला."

भिंत दोन हात रुंद. काळा दगड, सांध्यात चुना.
डागडुजीला आलेले दस्तगीर गवंडी
थापीच्या दांड्यानं ठोकून दाखवतात:
"ह्यात गूळ हाय.
आमच्या पणज्यानं गुऱ्हाळावरनं आणल्याला,
काहिलीच्या तळाचा, करपट.
बेलफळाचा चीक, हिरड्याचं पाणी.
सिमिटाचं काय, अठ्ठावीस दिसांत मोठं झालं, संपलं.
चुना बसतोय शंभर वर्सं हवा पीत.
पितोय तेवढा घट्ट हुतोय."

हे मला कॉलेजात शिकवलं होतं, समीकरणात.
गूळ नव्हता त्यात.

वर कौलांखाली झरोके.
तापलेली हवा तिथून निघून जाते
चितपट झालेल्या गड्यासारखी,
कुणाच्या नजरेला नजर न देता.
खाली हौद्यात दोन पोरं भिडलेली,
ताक, हळद, तेल मुरलेली लाल माती
त्यांच्या पाठींवर चढत निघालेली.

रकाना अकरा: शीतकरण यंत्रणा, कंपनी, मॉडेल.
मी लिहिलं: भिंत.
बसवल्याचं वर्ष?
"पणजा," दस्तगीरचाचा म्हणाले. तेही लिहिलं.
पडद्यावर लाल अक्षरं:
कृपया अंक भरा.

"तारं किती पडत्यात आमास्नी?"
"अजून एकही नाही, वस्ताद."
"ऱ्हाऊ दे. रातीच्याला झरोक्यातनं चार-पाच दिसत्यात."
मग थांबून, आवाज उतरवून,
"त्या स्लॅबचं काय लिवलासा?
कौलं काढून एसी बसिवणार म्हणत्यात."

मी अहवाल मिटला. वाकून बाहेर आले.
एकोणचाळीस.
यंत्राच्या बटणांच्या फटीत
लाल माती.