कागदावर नसलेला वास

मिरजेच्या सनदीबाईंनी कागद करून दिला,
चार घड्या घालून खिशात बसेल एवढा.
कशानं प्यावंसं वाटतं, ते डाव्या अंगाला.
मग काय करायचं, ते उजव्या.

शनिवारचा पगार : आधी शालनच्या हातात.
बजरंग : रामराम घालायचा, थांबायचं नाही.
विटा फाट्यावरचं पत्र्याचं दुकान : ओढ्याकडनं जायचं,
लांब पडतं, पडू दे.
मेव्हण्याशी भांडण : गूळ-शेंगदाणे.
ह्यावर मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

एकोणिसाव्या दिवशी घसरलो.
तारीख खोडायला पेन काढलं, तर म्हणाल्या,
खोडू नका. खाली लिहा किती वाजले होते,
आणि जेवला होता का.
जेवलो नव्हतो.

त्यानंतरचा आज एकेचाळिसावा, सावळजच्या शेडवर.
रात्री अवकाळी आलं, वाऱ्यानं ताडपत्री उचलली,
जाळीवरचा अर्धा बेदाणा भिजला.
सकाळी पडदा बाजूला केला आणि
आंबूस, गोडसर, ओळखीचा.
नाकातनं आत गेला, अन् आत कुणीतरी
उठून बसलं, चपला शोधायला लागलं.

मालक ओरडत होता. बाया निवडत होत्या,
फुटका मणी पाटीत, धड मणी जाळीवर.
मी घड्याळ बघितलं. नऊ दहा.
बाई म्हणतात लाट असते,
वीस मिनिटांच्या वर टिकत नाही.
टिकते. नऊ तेहतीस झाले.
मधे दोनदा तोंड धुतलं.
तेजलला फोन लावला, ती कॉलेजात असणार,
उचलला नाही, तरी रिंग संपेपर्यंत ऐकली.
मग नाकाला टॉवेल बांधून
पाट्यांमागं पाट्या बांधावर ओतत राहिलो.
माश्या आल्या. ऊन आलं.
वास गेला नाही.
मीपण गेलो नाही.

जेवणाच्या सुट्टीत कागद काढला,
घामानं घड्या फाटायला आल्यात.
डाव्या अंगाला लिहिलं : द्राक्षं.
उजवीकडं काय लिहावं कळेना.
बारा वर्षांची रोजीरोटी,
हिला काय ओढ्याकडनं वळसा घालायचा?
सोमवारी विचारीन.
तोवर तिथं नऊ दहा ते नऊ तेहतीस लिहून ठेवलंय,
आणि खाली बारीक अक्षरात,
जेवलो. दोन भाकरी, पावट्याची उसळ.