सव्वीसच्या आत

सारंगचा फोन सकाळी साडेआठला येतो,
त्याच्याकडे अजून कालची रात्र.
"बाबा, फॉर्ममध्ये एक प्रश्न अडलाय."
गणित अडलं की असाच यायचा,
पेन्सिल कानावर खोचून.

प्रश्न असा:
अठरा ते सव्वीसच्या मध्ये या देशात राहत होतास का,
आणि होतास तर
सैन्याच्या यादीत नाव नोंदवलंस का?

विद्यार्थी होता तोवर माफ होतं म्हणे.
कायमचं कार्ड हाती पडलं तेव्हा
वय पंचवीस वर्षं, चार महिने.
उरले आठ.
त्या आठ महिन्यांत हा रात्रपाळीला
रक्ताच्या नळ्यांवर लोकांची नावं चिकटवत होता.
स्वतःचं नाव कुठे चिकटवायचं राहिलंय
हे कुणी सांगितलं नाही.
आता तिसाव्या वर्षी सरकार विचारतंय, का नाही?

"लिहून द्यायचंय, मुद्दाम टाळलं नाही म्हणून."

मुद्दाम.

आतून ही ओरडली, "काय गं बाई, युद्ध आहे का तिकडे?"
"नाही. फॉर्म आहे."

मी एकोणीसचा होतो, देवळालीच्या भरतीला उभा,
चड्डीवर, पहाटे चारपासून, जानेवारीत.
धावलो. पाचवा आलो.
मग छाती फुगवा म्हणाले.
फुगवली, डोळ्यांपुढे काजवे येईस्तोवर.
फीत म्हणाली, अर्धा सेंटिमीटर कमी.
हवालदाराने दंडावर निळ्या शाईची फुली मारली,
आठवडाभर मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला.

नाव द्यायला गेलो तर माझं खोडलं,
आणि ह्याने दिलं नाही तर ह्याला जाब.
हसू आलं. फोनवर हसलो नाही.

मग नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं.
पासपोर्टच्या पानांना आकड्यांची भोकं पाडायची मशीन,
एक पान कमी भरलं तर अख्खी पाळी आत,
डबे उघडून दाखवा, चपला काढून दाखवा.
ह्याचाही पासपोर्ट आमच्याच खात्यातून गेला.
आकडा पाठ आहे. सांगणार नाही.
सवय.
नागरिक झाला की तो परत करावा लागतो,
कोपरा कापतात, किंवा शिक्का मारतात, मला नक्की ठाऊक नाही.
आमच्याकडे फक्त जाणारे मोजले जायचे.

म्हटलं, आधी मराठीत लिही.
त्याने लिहिलं: मला माहीत नव्हतं.
वकीलबाई म्हणतात, एवढ्याने भागायचं नाही,
तारखा हव्यात, व्हिसाच्या जुन्या पानांच्या झेरॉक्स हव्यात.
त्या माळ्यावर आहेत, द्राक्षांच्या खोक्यात,
त्याच्या दहावीच्या हॉलतिकिटाखाली.
काढीन म्हणालो. गुडघ्याचं बोललो नाही.

मग तोच म्हणाला,
"शपथेत एक वाक्य आहे, बाबा.
कायद्याने सांगितलं तर शस्त्र उचलीन, असं."
कुणावर, ते मी विचारलं नाही.
त्यानेही सांगितलं नाही.
पूर्वी अशा गप्प बसण्याचे मिनिटाला पैसे पडायचे,
आता फुकट आहे, म्हणून बसलो.

तेवढ्यात रेंजवर सुरू झालं.
खिडकीची सैल काच किणकिणली,
पाठोपाठ कपाटातल्या बश्या.
पाहुणे दचकतात, ढग समजून वर बघतात.

"तोफा ना?"
लगेच. अकरा वर्षांनंतर.

"तोफा. गुरुवार आहे."

"जरा फोन खिडकीपाशी धरा ना."

धरला. हात अवघडला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.
त्याच्याकडे फॉर्म तसाच उघडा असणार,
होय आणि नाहीच्या दोन रिकाम्या चौकटी.
ही पदराला हात पुसत आली, म्हणाली,
कुणाशी बोलताय, काही बोलत तर नाहीये तुम्ही.