पुडीचा कागद

पोर्तोच्या चढावर, ट्राम वळते तिथे
आदेलिनू चेस्टनट भाजतो,
रद्दीच्या पुड्या वळतो.
महिनाभर शिळ्या बातम्या : निवडणूक, फुटबॉल, लोण्याचे भाव.
मुलांचे फोटो असलेलं पान हाती आलं
की घडी घालून
स्टुलावर, बुडाखाली सरकवतो.
"ह्यात कोणी खायचं?"

ऑक्टोबरात नीट बसायचा.
आता त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

मी घरी फोन पालथा घालून झोपते.

काल पुडीचा कागद संपला.
गठ्ठ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.
म्हणाला, ओंजळ करा बाई.

भाजलं.
ट्राम येईपर्यंत
ह्या हातातून त्या हातात करत उभी राहिले.
टाकले मात्र नाहीत.