कावया

दुसऱ्या वर्षाला हातात जीभ येते :
रबराची, गुलाबी, मधोमध कापलेली.
पाटणकर मॅडम पट्टीने दाखवतात,
क इथे मागे अडतो, त इथे दातांशी,
आणि ळ साठी टोक असं वर वळतं.
बाकावर बसून मी तोंडातल्या तोंडात माझी वळवून पाहते.
वळते आता.
सातव्या वर्षापर्यंत वळत नव्हती,
म्हणजे तशी गरजच पडली नव्हती :
आमच्याकडे शायेत जायचं, डोयांनी बघायचं,
केयं खायची.
मग एका गुरुजींच्या छडीने
हातावर ळ काढला,
तो जिभेवर उमटला.

गुरुवारी क्लिनिक.
सटाण्याची एसटी जुन्या सीबीएसला लागते,
तिथून पायी,
एका हातात डबा, एका हातात मुलगा,
दहाच्या ठोक्याला ती दारात.
वय पाच वर्षं दोन महिने. कान दोन्ही उत्तम.
काचेच्या खोलीत प्रत्येक बारीक शिट्टीला
तो बादलीत ठोकळा टाकत होता,
एकदा तर शिट्टी नसतानाही, माझ्याकडे बघून.
नाव?
"तार्तित थैरनार."
कार्तिक खैरनार. सगळं नाव घशातून यायचं,
आणि दातांशी येऊन सांडत होतं.

चित्रांची कार्डं.
केळं : तेयं.
डोळा : डोया.
कावळा : तावया.
शेजारी सीनियर, अवनी, पुण्याची,
हुशार, मनाने चांगली,
तक्ता भराभर भरत होती :
क ऐवजी त. ळ ऐवजी य.
दोष दोन.

मी कार्ड त्याच्या आईपुढे धरलं.
"याले घरमा काय म्हंतस?"
"कावया," ती म्हणाली,
मग एकदम पदर सावरून, "कावळा, कावळा."
तो दुसरा
पाहुण्यांसाठी फडताळातून काढलेल्या कपासारखा.
मग जरा पुढे वाकून, हळू :
"बाई, तू आमनीच शे का?"

मी पेन्सिलीने लिहिलं :
ळ चा य, ही घरची बोली. दोष एकच.
मॅडमनी वाचलं. 'एकच'खाली लाल रेघ ओढली.
चूक म्हणून की ठळक म्हणून,
विचारायचं धाडस झालं नाही.
खाली सही मात्र होती.

राहिला क.
आइस्क्रीमच्या काडीने जिभेचं टोक दाबून ठेव,
मान मागे टाक, घोटभर पाणी, घर्रर्र.
"घरी रोज गुळणी करवून घ्या."
"गुयनी," आईने मान हलवली.
पुढच्या गुरुवारी : ता.
त्याच्या पुढच्या गुरुवारी : ता, आणि शर्ट ओला.
पंचवटीत खोली आहे माझी, येता-जाता दिसतं,
रामकुंडावर माणसं भात मांडून बसलेली,
आभाळाकडे बघत एकेक गोष्ट कबूल करणारी :
धाकटीचं शिक्षण करू, भांडण मिटवू, ये बाबा आता.
मीही स्टिकर कबूल केले, वाघाचा, ट्रॅक्टरचा,
शेवटी माझं स्वतःचं घड्याळ, पाच मिनिटं घालायला.
ता.

आठव्या गुरुवारी त्याला खाली जायचं होतं,
फाटकाशी कुणीतरी फुगे विकत होतं.
मी म्हटलं, आत्ता नाही.
तो भडकला. मान मागे गेली, घसा आवळला,
"का?"

मी काही बोलले नाही.
आईने डबा खाली ठेवला.
"का नाही?" असं त्याने परत विचारलं,
आणि या वेळी त्यालाही ऐकू आलं,
कारण तो स्वतःच गप्प झाला,
गळ्याला हात लावून.
मी कार्ड सरकवलं.
"कावया."

काळा, पूर्ण, चोचीपासून शेपटीपर्यंत,
त्याच्या घरचा.

रात्री खोलीतून आईला फोन लावला,
आधी हॅलो म्हणायचंही सुचलं नाही :
"माय, कावया उना!"
तिकडे क्षणभर शांतता.
मग घाबरून,
"कोन मरी गया वं?"